भाड्याच्या गाळ्यात ठेवलेला संसार

२०२२ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. ‘दहा जूनपर्यंत जागा रिकामी करून द्यायची आहे,’ असं ह्यांनी रात्री जेवताना सांगितलं नि माझ्या हातातला घास हातातच राहिला. आमची पुण्यातली तीन मजली जुनी इमारत पाडून तिथे नवी उभी राहायची होती. नवं घर होईपर्यंतचं भाडं बिल्डर देणार होता, पण त्या भाड्यात जवळपास मिळाली ती दोन खोल्यांची जागा. आणि आमचा संसार तीन खोल्यांचा, शिवाय वर माळा!

माळ्यावरून सामान खाली उतरू लागलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पितळी पातेली, दोन घंगाळी, मुलाची इंजिनिअरिंगची पुस्तकं, पाहुण्यांसाठीच्या चार गाद्या, शिलाईचं मशीन, लग्नात आलेला आणि कधीच न काढलेला काचेचा सेट. त्यातच सासूबाईंचं शिसवी कपाट. ते तर दोन खोल्यांच्या दारातून आतही जाईना. ‘विकून टाकू या,’ असं हे म्हणाले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या उठून गॅलरीत जाऊन बसल्या. त्या न बोलण्याचा अर्थ घरातल्या बाईला बरोबर कळतो.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मार्ग सुचवला. ‘अहो, सामान ठेवायला गाळे मिळतात आता भाड्यानं. माझ्या भावानं नाही का घेतला बदलीच्या वेळी!’ आम्ही गाळा घेतला आणि तो एकतीस महिने ठेवला. त्यातून जे शिकले, थोडं शहाणपणानं आणि बरंचसं ठेच लागून, ते मैत्रिणींच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

हा गाळा म्हणजे काय?

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. १९६० नंतरच्या दशकात टेक्सासमध्ये असे गाळे निघाले. आता पुणे, मुंबई, बंगळूर अशा आपल्याकडच्या शहरांतही ही सोय झाली आहे. याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक आधी नीट समजून घ्यावा. पहिल्या प्रकारात मोठ्या शेडमध्ये वा इमारतीत पाडलेला छोटा गाळा आपल्याला मिळतो. कुलूप आपलं, किल्ली आपली. कामाच्या वेळेत जाऊन सामान काढा, ठेवा. दुसऱ्या प्रकारात त्यांची माणसं घरी येऊन सामान बांधून नेतात नि त्यांच्या गोदामात ठेवतात. काही हवं असेल तर आधी कळवायचं, मग ते आणून देणार. त्याचे पैसे बहुधा वेगळे. अधूनमधून वस्तू लागणार असतील तर पहिला प्रकार बरा. घर बंद करून परगावी जायचं असेल तर दुसराही चालतो.

केव्हा उपयोग होतो?

इमारतीची पुनर्बांधणी हे एक कारण झालं. दोन-तीन वर्षांसाठी बदली झाली आणि आपला फ्लॅट भाड्यानं द्यायचा असला, मुलाकडे परदेशी सहा महिने जायचं असलं, घराला रंग आणि फरशी एकदमच काढली, अशा वेळीही सोय होते. एरवी हे सामान आपण नणंदेच्या माळ्यावर नाहीतर दिराच्या गॅरेजमध्ये टाकतो. पुढे वर्षभर त्यांचे टोमणे ऐकायचे, आणि एखादी वस्तू फुटली तर विचारायची चोरी! त्यापेक्षा चार पैसे देऊन मोकळं झालेलं बरं.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो आणखी एक उपयोग. आईवडील गेल्यावर माहेरचं घर आवरायची वेळ येते. बारा-तेरा दिवसांत सगळी भावंडं एकत्र असतात, प्रत्येकाला रजा संपवून परतायचं असतं, घरमालकाला जागा हवी असते. अशा घाईत वाटण्या करायला बसलं की एका तांब्यासाठी सख्ख्या बहिणी बोलेनाशा होतात. माझ्या मावसबहिणीनं आणि तिच्या भावांनी अशा वेळी एक छोटा गाळा सहा महिन्यांसाठी घेतला आणि भाडं तिघांत वाटून घेतलं. दुःख जरा निवल्यावर दिवाळीत सगळे पुन्हा जमले नि शांतपणे काय कोणाला ते ठरलं. निम्म्या वस्तू तोवर कोणालाच नको झाल्या होत्या! पण मुदत आधी ठरवली होती हे महत्त्वाचं.

तिथे काय ठेवू नये?

दागिने, घराचे कागद, शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं, विम्याच्या पॉलिसी, जुने फोटो यांतलं काहीही तिथे नको. गॅसचा सिलिंडर तर अजिबात नको. परगावी जाणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून पावती घ्या. रॉकेल, रंगाचे डबे, इन्व्हर्टरची बॅटरी, धान्य, पापड-लोणची हेही नाही. धान्य गेलं की मागोमाग उंदीर आलेच. घरून फराळाचा किंवा साड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांनी रिकामे डबे, खोकी, साड्या खुशाल ठेवाव्यात, पण खाण्याचा माल नको.

पैठणी, शालू यांना दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी लागते, नाहीतर घडीवर जर तुटते. तिथे जाऊन घडी कोण बदलणार? तेव्हा भारी साड्या सुती कापडात गुंडाळून आपल्याजवळच ठेवाव्यात.

आणि एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांची एकही वस्तू खोक्यात घालू नका. आमच्या सासूबाईंची एक फणेरपेटी होती, त्यांच्या आईची. आत फुटका आरसा, दोन फण्या, कुंकवाचा करंडा नि काही जुनी पत्रं. पॅकिंगवाल्या पोरांनी ती कुठल्याशा खोक्यात टाकली. मी घाईत खोक्यांवर नुसतं ‘किरकोळ’ असं लिहून मोकळी झाले होते. अशी ‘किरकोळ’ खोकी अकरा निघाली!

जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, सासूबाईंनी पेटीची आठवण काढली. एकदा, दोनदा, मग रोजच. त्या तेव्हा त्र्याऐंशीच्या होत्या. मी आणि हे दोनदा गाळ्यावर गेलो. सामान दारापर्यंत खच्चून भरलेलं, मागे जायला पाय ठेवायलाही जागा नाही. हात हलवत परत आलो. तिसऱ्या खेपेला दोन हमाल घेतले, अर्धं सामान बोळात बाहेर काढलं, तेव्हा गाद्यांच्या मागच्या खोक्यात पेटी सापडली. घरी आणून सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण उघडून आत हात फिरवला नि म्हणाल्या, ‘अगं, मला वाटलं मोडीत घातलीत.’

सहा महिने त्यांच्या मनात हे होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही फसवलं असं वाटूनही त्या बिचाऱ्या गप्प राहिल्या होत्या. माझे डोळे भरून आले. खोक्यावर दोन शब्द नीट लिहिले असते तर हे टळलं असतं.

यादी आणि रचना

म्हणून सांगते, आधी वही करा. प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि तो वर न लिहिता बाजूला लिहा, कारण एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. वहीत नंबरासमोर आतल्या वस्तू लिहा. त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे वही हरवली तरी अडायला नको.

गाळा घेताना सामान डोळ्यांनी मोजू नका, टेप घ्या. पाच फूट बाय दहा फूट म्हणजे पन्नास चौरस फूट हे कागदावर फार वाटत नाही, पण उंचीचा उपयोग करून नीट रचलं तर बरंच मावतं. जड वस्तू खाली, हलक्या वर. कपाटं रिकामी न ठेवता त्यांत हलक्या वस्तू भराव्यात. मध्ये माणूस आत जाईल एवढी वाट सोडा, आणि अधूनमधून लागणाऱ्या वस्तू दारापाशी ठेवा. खोकी भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीवर फळ्या टाकून त्यांवर ठेवा. ओल आणि वाळवी तिथूनच शिरते.

ओल हाच खरा शत्रू

आम्ही सामान हलवलं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. नेमका त्याच दिवशी पाऊस आला. गाद्या टेम्पोत जरा दमटल्या आणि तशाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या गेल्या. मशीन आणि कपाट यांना काही झालं नाही, पण चारही गाद्यांवर काळी बुरशी आली नि त्या टाकून द्याव्या लागल्या. दोष गाळेवाल्यांचा नव्हता, आमच्या घाईचा होता. होता होईल तो हे काम एप्रिल-मेमध्ये उरकावं. गाद्या, रजया, लोकरीचे कपडे दोन दिवस कडक उन्हात घालून, निववून मगच बांधावेत. प्लॅस्टिकऐवजी जुन्या सुती चादरी वापराव्यात. कपड्यांत डांबरगोळ्या घालायच्या तर पुरचुंडीत बांधून घालाव्यात.

पितळी-तांब्याची भांडी चिंचेनं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन, उन्हात खडखडीत वाळवावीत. आंबटाचा अंश राहिला तर हिरवट डाग पडतात. शिलाई मशीनला तेल देऊन एका चिंधीवर चार टाके घालावेत, म्हणजे जादा तेल निघून जातं.

फ्रिज दोन दिवस आधी बंद करून आतून पुसून कोरडा करावा. ठेवताना उभाच ठेवावा आणि दार किंचित उघडं राहील अशी कापडाची घडी फटीत घालावी, नाहीतर परत आल्यावर आतला वास जाता जात नाही. परत आणल्यावर काही तास तसाच उभा ठेवून मग चालू करावा. कपडे धुण्याच्या मशीनमधलं आणि नळीतलं पाणी काढून टाकावं. मशीन समोरून उघडणारं असेल तर ड्रम आवळायचे बोल्ट शोधून ठेवावेत, हलवताना ते लागतात.

गाळा शक्यतो तळमजल्यावर नको, निदान रस्त्यापेक्षा उंचावर हवा. मुंबईच्या मैत्रिणींना हे सांगायला नकोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांचा चिखल झाला ते त्यांनी पाहिलं आहे. एकदा पावसाळ्यात जाऊन जागा बघून यावी. भिंतीला हात लावावा, वास घ्यावा. बायकांच्या नाकाला ओल लपत नाही.

सही करण्यापूर्वी

भाड्यावर जीएसटी वेगळा का? डिपॉझिट किती, परत केव्हा? भाडं दर वर्षी वाढणार का? रविवारी जागा उघडी असते का? वाळवी-उंदरांचं औषध कधी मारतात? आग लागली, पाणी शिरलं तर भरपाई कोण आणि किती देणार? भाडं थकलं तर सामानाचं काय करणार? ही सगळी उत्तरं करारात लेखी आहेत का ते वाचून घ्या. घरातल्या सामानाचा विमा असेल तर तो बहुधा पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यापुरताच असतो. सामान हललं की विमा कंपनीला कळवून विचारावं.

हिशेब मात्र आपण करायचा

आम्हाला सांगितलं होतं चोवीस महिने. किल्ली हातात आली एकतिसाव्या महिन्यात. समजा, भाडं महिना तीन हजार आहे. मग एकतीस महिन्यांचे झाले त्र्याण्णव हजार! त्यात आमच्या चार बुरसटलेल्या गाद्या नि मुलानं फोनवर ‘रद्दीत दे गं आई’ म्हणून सांगितलेली पुस्तकंही आरामात राहिली होती. इमारत नवी होत असेल तर बहुतेक प्रकल्पांची नोंद महारेराच्या वेबसाइटवर असते, तिथे पूर्ण होण्याची तारीख पाहावी आणि मनाशी आणखी सहा-आठ महिने धरून चालावं.

मग प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारावं, की एवढ्या महिन्यांचं भाडं भरून हिला सांभाळायची का? सासूबाईंच्या शिसवी कपाटाला उत्तर ‘हो’ होतं. आज ते नव्या घरात त्यांच्या पलंगाशेजारी उभं आहे, वर फणेरपेटी. लग्नातल्या काचेच्या सेटला उत्तर ‘नाही’ होतं, पण ते मी एकतीस महिन्यांनी दिलं.

गाळा घ्यावा, जरूर घ्यावा. पण मुदत ठरवून आणि यादी करून. जे ठरवायचं आज जिवावर येतं ते कुलपात घालून ठेवलं, तर भाडं आपण वस्तूंचं भरत नाही, आपल्या चालढकलीचं भरतो. आणि ज्या वस्तूवर घरातल्या कोणाचा जीव आहे, तिची जागा गाळ्यात नाही. दोन खोल्यांत कितीही दाटी झाली तरी एक फणेरपेटी मावतेच.