आपली सुट्टी आणि टाकीतले मासे

सबमिशन झालं, ओरल्स झाल्या, शेवटचा पेपर संपला की आपल्या हॉस्टेलमध्ये एकच धांदल उडते. कपडे, चार्जर, लोणच्याची रिकामी बरणी, सगळं आठवणीने बॅगेत जातं. पण खिडकीतल्या काचेच्या भांड्यातला फायटर? तो बॅगेत मावत नाही. कुत्र्यासारखा दाराशी येऊन ओरडत नाही, मांजरासारखा शेजारी जाऊन दूध पिऊन येत नाही. तो फक्त काचेतून बघत राहतो. घरीही तेच. मे महिन्यात सगळं कुटुंब मामाच्या गावाला निघतं, गॅस बंद, नळ बंद, कुलूप दोनदा ओढून बघितलं जातं. आणि हॉलमधल्या फिश टँकबद्दल प्रश्न पडतो तो रिक्षा दारात उभी राहिल्यावर!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी विभागात लिहिताना थोडी धाकधूक आहे. पण आमच्या घरी नगरला गेली आठ वर्षं दोन फुटी टाकी आहे आणि तिने आमच्या बऱ्याच सुट्ट्या पाहिल्या आहेत. त्यामुळे या विषयावर चार शब्द लिहायचं धाडस करते. सांभाळून घ्या.

मासे उपाशी मरतील का?

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि खरं म्हणजे सर्वात कमी काळजीचा मुद्दाही हाच आहे. मासा थंड रक्ताचा प्राणी. आपल्या जेवणातली बरीच ऊर्जा शरीर ३७ अंशांवर ठेवण्यात खर्च होते. माशाचा तो खर्चच नाही. शिवाय त्याचं वजन पाण्याने तोलून धरलेलं असतं. त्यामुळे निरोगी, पूर्ण वाढ झालेले गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल, फायटर हे मासे आठवडाभर खाणं न मिळताही व्यवस्थित राहतात. दहा-बारा दिवसही बहुतेक निभावतात. टाकीत झाडं असतील तर शेवाळ खुडून खाणाऱ्यांना तेवढाच आधार होतो. अपवाद पिल्लांचा. गप्पीने नुकतीच पिल्लं दिली असतील तर त्यांना रोज थोडं थोडं खायला लागतंच, म्हणजे कोणाला तरी सांगून जाणं आलं.

म्हणजे चार-पाच दिवसांच्या सुट्टीसाठी खाण्याची काहीही सोय करू नका. निघायच्या दिवशी "बिचाऱ्यांना शिदोरी" म्हणून चार चमचे दाणे तर मुळीच टाकू नका. का, ते पुढे गणितातच बघू.

खरा धोका पाण्यात आहे

टाकी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, ती एक चालू यंत्रणा आहे. मासे खातात, आणि कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेले दाणे कुजले तरी अमोनियाच तयार होतो. अमोनिया माशांना विष. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत राहणारे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र बरंच सौम्य. ते आपण पाणी बदलून काढून टाकतो. या जिवाणूंना काम करायला ऑक्सिजन लागतो. तो फिल्टर चालू असला की वाहत्या पाण्याबरोबर मिळतो.

आता आपलं गणित. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे दोन घनफूट, साधारण ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून ५० लिटर धरा. माशांच्या दाण्यांत ४० टक्के प्रथिनं धरली, तर १ ग्रॅम दाण्यात ०.४ ग्रॅम प्रथिन. प्रथिनात नायट्रोजन सुमारे १६ टक्के, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. हे दाणे कोणी खाल्ले नाहीत, सगळे कुजले आणि जिवाणूंनी ते आवरलं नाही, तर ५० लिटरमध्ये दर लिटरला सुमारे १.३ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन. दाणे ५ ग्रॅम पडले तर ६.४ मिलिग्रॅम!

गोष्ट इथेच थांबत नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातलं मुक्त रूप जास्त घातक. २५ अंश तापमानाला पाण्याचा पीएच ७ असेल तर हा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो, पण पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे पीएच एकाने वाढला की विष जवळपास दहापट. आपला जिल्हा बेसाल्टच्या खडकावर बसलेला. बऱ्याच बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. बादलीवरचे आणि गीझरमधले पांढरे थर सगळ्यांनी बघितलेले आहेत. प्रवरेच्या लाभक्षेत्रात तर काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा पाण्याच्या टाकीत सांडलेले ५ ग्रॅम दाणे जास्त महागात पडतात.

माया थोडी आवरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेजारच्या रूममधल्या मुलींनी त्यांचा छोटा टँक हॉस्टेलच्या मावशींकडे सोपवला होता. दाण्यांचा अख्खा डबा हातात दिला आणि "मावशी, जरा लक्ष ठेवा हं" एवढंच सांगून मुली गावाला गेल्या. मावशींनी लक्ष ठेवलं. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. मासे वर येऊन तोंड उघडायचे, त्यांना वाटायचं भूक लागली. नवव्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि सहापैकी पाच मासे गेले. मुली परत आल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, "माझ्याच हातानं गेले गं पोरी." त्या दिवसापासून त्या कोणाच्या कुंडीला पाणीसुद्धा घालत नाहीत.

माशांपेक्षा मला ते जास्त लागलं. त्यांनी काय चुकीचं केलं? जेवायला वाढणं ही त्यांची माया. पाहुण्यालाही आपण पोट भरल्यावर आग्रहाने वाढतोच ना! आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते ते बहुधा पाण्यात ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं.

म्हणून कोणावर जबाबदारी सोपवायची असेल तर डबा देऊ नका, पुड्या द्या. वैद्य औषधाच्या देतात तशा. एका पुडीत मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच दाणे, वर तारीख. मोठ्या माशांना दोन दिवसांआड एक पुडी पुरते. मूळ डबा कपाटात कुलपात. सोबत कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत पाच ओळी: मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर खाणं बंद; मासा मेला तर लगेच बाहेर काढा, तुमच्यावर कोणी रागावणार नाही; लाईट गेली तर काय करायचं; पाणी किती घालायचं; आणि आपला मोबाईल नंबर. जायच्या आधी एकदा त्यांच्या हातूनच खाणं घालून बघा.

दुकानात "हॉलिडे ब्लॉक" नावाची पांढरी वडी मिळते. जिप्समसारख्या पदार्थात दाणे बसवलेले असतात, ते हळूहळू सुटतात. पण मासे त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत असं पुष्कळदा होतं, आणि मग ते दाणे कुजतात. पाण्याचा जडपणा वाढतो तो वेगळाच. बॅटरीवरचा ऑटोमॅटिक फीडर त्यापेक्षा बरा, पण निदान आठवडाभर आधी लावून तो किती दाणे टाकतो ते मोजा. दमट हवेत दाणे चिकटून तोंड बुजतं, हेही ध्यानात ठेवा. मिनी प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनो, एक सर्व्हो मोटर, एक टायमर आणि न चिकटणारी चकती. बघा जमतंय का!

लाईट गेली तर?

घरचे अजून २००५-०६ च्या भारनियमनाच्या आठवणी काढतात. तसं आता राहिलं नसलं, तरी मे महिन्यात वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला की तारा तुटायच्या त्या तुटतातच. हॉस्टेलमध्ये तर सुट्टीत अख्ख्या विंगचा मेन स्विच बंद होऊ शकतो. रेक्टर मॅडमना किंवा सरांना आधीच विचारून घ्या.

वीज गेली की दोन गोष्टी होतात. एक, पाणी हलायचं थांबतं, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन आत मिसळायचा वेग कमी होतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचावर, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही थोडा कमी. म्हणजे उन्हाळ्यात ऑक्सिजन कमी आणि माशांची गरज मात्र जास्त. फायटर आणि गोरामी थेट वरची हवा घेऊ शकतात, ते तगतात; गोल्डफिशची पंचाईत होते. दोन, काही तास प्रवाह थांबला की बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू मरू लागतात.

उपाय साधे आहेत. टाकीत गर्दी नको. बंद डब्याऐवजी उघडा स्पंज फिल्टर बरा. हवेचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरीवर आपोआप चालू होणारा पंप ठेवा. आणि एक महत्त्वाचं: पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. तसं नसेल तर वीज गेल्यावर सायफन होऊन पाणी नळीतून उलटं पंपात येतं. मग पंप गेला, जमीन ओली, आणि टाकी अर्धी रिकामी! फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर कसाही गेला असला तरी हे विसरू नका.

टाकीचा दिवा दिवसरात्र चालू ठेवू नका. टायमरवर सहा-आठ तास पुरे, नसेल तर बंदच ठेवा. खिडकीचं थेट ऊन तेवढं टाळा; त्याने पाणीही तापतं आणि शेवाळही माजतं.

निघण्यापूर्वी

दोन आठवडे आधीपासून नवा मासा आणू नका. त्याच्याबरोबर रोग आला तर बघायला तुम्ही नसाल. निघायच्या दोन-तीन दिवस आधी पाव भाग पाणी बदला, शेवटच्या दिवशी नाही. म्हणजे काही बिनसलं तर कळेल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते बादलीत २४ तास ठेवून मगच घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून चकाचक करू नका, त्यात आपले जिवाणू असतात. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळा.

उन्हाळ्यात पाणी उडतं. रोज ५ मिलिमीटर धरलं तर आपल्या दोन फुटी टाकीतून दिवसाला जवळपास ९०० मिलिलिटर, दहा दिवसांत ९ लिटर. पाणी जातं, क्षार मागे राहतात. उरलेलं पाणी वीस टक्क्यांहून जास्त दाट होतं. म्हणून टाकी भरून जा आणि झाकण ठेवा, पण हवेला फट ठेवून. झाकण फायटरसाठीही हवं, तो उडी मारतो. गोल भांडं मात्र गळ्यापर्यंत भरू नका. सर्वात रुंद भागापर्यंतच भरा, म्हणजे हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो.

मासा बरोबर न्यायचा असेल तर आदल्या दिवशी खाणं बंद. जाड पिशवीत एक भाग टाकीतलंच पाणी, दोन भाग हवा, बाहेरून वर्तमानपत्र. चार-पाच तासांचा एस.टी.चा प्रवास छोटे मासे सहन करतात. पिशवी मात्र इंजिनजवळ नको. घरी पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं पिशवी तशीच नव्या पाण्यावर तरंगू द्या, मग सोडा.

नदीत सोडू नका

"सांभाळायला कोणी नाही, मग प्रवरेत सोडून देऊ, पुण्य लागेल." असं म्हणणारे भेटतात. पुण्य लागत नाही. टाकीत शेवाळ खायला आणतात तो सकर मासा आज उजनी धरणात माजला आहे. तिथले मच्छीमार त्याला "हेलिकॉप्टर" म्हणतात. काटेरी, खरखरीत, खायला कोणी घेत नाही, आणि जाळी तेवढी फाटतात. उजनीच्या फुगवट्याला आपल्या कर्जत तालुक्याचा काठ लागतो, म्हणजे प्रश्न दूरचा नाही. मासा ठेवणं जमत नसेल तर दुकानदाराला परत द्या, ज्युनियरला द्या, पण ओढ्यात, विहिरीत, धरणात नको.

"संकट माशावर गेलं"

आणखी एक. आपल्याकडे मासा मेला की "घरावरचं संकट त्याने घेतलं" असं म्हणतात. मोठ्यांच्या श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत. पण तेवढं म्हणून मोकळं झालं की मासा का गेला हे कोणी बघत नाही, आणि पुढच्या रविवारी नवी जोडी येऊन त्याच पाण्यात पडते. टाकीत घडतं त्याला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा सापडतं.

सुट्टीवरून आल्यावर आधी वास घ्या, मासे मोजा, फिल्टर चालू आहे का बघा. पाव भाग पाणी बदला. पहिल्या दिवशी खाणं अगदी थोडं. ज्यांनी तुमच्या मागे टाकी सांभाळली त्या काकांना, मावशींना गावाहून आणलेला चिवडा द्यायला विसरू नका.

सर्वांना सुट्टीच्या आणि पुढच्या सेमिस्टरच्या मनःपूर्वक शुभेच्छा!