विटांचें शेतघर आणि चुन्याचा सांधा



इंग्लंडांतील राजवाड्यांचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. आज मी तेथील शेतकऱ्याच्या विटांच्या घराविषयीं बोलणार आहें.

पांचव्या शतकाच्या आरंभीं रोमन लोक तेथून गेले व वीट भाजण्याची कला कित्येक शतकें जवळजवळ लोपली. बाराव्या-तेराव्या शतकांत ती पूर्व भागांत पुन्हां दिसूं लागली. सफोक परगण्यांतील लिटल वेनहॅम हॉल हें त्या काळचें घर. परंतु तें धनिकाचें. जेथें दगड दुर्मिळ आणि चिकणमाती विपुल, तेथेंही सामान्य शेतकऱ्यास विटांचें घर परवडूं लागलें तें मुख्यतः सतराव्या शतकापासून.

या घराचें हृदय म्हणजे धुराडें. पूर्वीं दालनाच्या मध्यभागीं उघडी आगटी असे व धूर छपरांतून वाट काढी. धूर धुराड्यांत कोंडला गेल्यावर दालनावर माडी घालतां आली. पुष्कळ घरांत धुराडें मधोमध असून त्याच्या दोन्ही अंगांस पाठीला पाठ लावून आगट्या असतात. एका धुराड्यानें दोन खोल्यांस ऊब मिळते.

भिंतींचें बलही पाहण्याजोगें आहे. एका थरांत विटांची लांब बाजू दर्शनी व पुढच्या थरांत आखूड बाजू दर्शनी, हा इंग्लिश बंध. एकाच थरांत दोन्ही बाजू आळीपाळीनें आल्या म्हणजे तो फ्लेमिश बंध. हेतु एकच, सांध्यावर सांधा येऊं नये. १७८४ सालीं विटांवर नगावारी कर बसला, तेव्हां कांहींनीं मोठ्या विटा पाडल्या. तो कर १८५० सालीं उठला.

आतां महत्त्वाची गोष्ट. या विटा चुन्यांत बसविलेल्या असतात. भिंतींत शिरलेली ओल चुन्याच्या सच्छिद्र सांध्यांतून बाहेर पडते. सांधे सिमेंटनें भरले कीं ती वाट बुजते. ओल मऊ विटेंतून निघूं पाहते, आणि थंडीनें गोठून अगर क्षार साचून विटेचे पापुद्रे सुटतात. म्हणून जाणकार सांगतात, सांधा विटेहून मऊ असावा. झिजलेला सांधा पुन्हां भरतां येतो.

हें ज्ञान मला उशिरां झालें. आमच्या वडिलार्जित घराच्या मागील भिंतीचे सांधे मीं मोठ्या हौसेनें सिमेंटनें भरून घेतले. चारपांच पावसाळ्यांनंतर सांधे शाबूत राहिले, विटांचीं तोंडें मात्र झडलीं. गवंडी चुन्याचें नांव काढीत होता. घाई माझीच होती. आपलें घर जुनें असेल, तर दुरुस्तीपूर्वीं एखादा सांधा खरवडून पहावा. आंत चुना लागला, तर चुनाच भरावा.