मुंबईत एकटीने प्रवास : मदत कोणाकडे मागावी, तक्रार कोठे द्यावी?

मुंबई : परीक्षा, मुलाखत किंवा उपचारांसाठी इंदूर, बडोदा अथवा हैदराबादहून मुंबईत एकटीने येणाऱ्या महिलेच्या सुरक्षेची जबाबदारी कोणत्याही एका यंत्रणेकडे नसते. रेल्वेगाड्या आणि स्थानकांत केंद्र सरकारचे रेल्वे सुरक्षा दल गस्त घालते. तेथे विनयभंग किंवा छेडछाड झाल्यास गुन्ह्याचा तपास राज्य शासनाचे लोहमार्ग पोलीस करतात. स्थानकाबाहेर पडताच मुंबई पोलिसांची हद्द सुरू होते. हद्दींची ही विभागणी ठाऊक नसल्याने नेमके कोणाकडे जावे, हा प्रश्न नवख्या प्रवासी महिलेपुढे उभा राहतो.

तातडीच्या मदतीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. देशभर चालणारा ११२ हा क्रमांक रस्त्यावर, टॅक्सीत किंवा निवासाच्या ठिकाणीही उपयोगी पडतो. साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरल्यासही आपत्कालीन कॉल जाण्याची सोय आहे. मुंबई पोलिसांनी महिलांसाठी १०३ हा स्वतंत्र क्रमांकही ठेवला आहे.

शहरांतर्गत प्रवासाचा मुख्य आधार लोकल गाड्यांचा आहे. केवळ महिलांसाठीची पहिली लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवलीदरम्यान धावली. लोकलमध्ये महिलांसाठी राखीव डबे असून त्यांत पुरुषाने शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६२ नुसार गुन्हा आहे. याच कायद्याच्या कलम १३९ नुसार, सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या महिलेकडे तिकीट नसले आणि तिने दंड भरला नाही, तरी तिला रात्री किंवा वाटेतील कोणत्याही लहान स्थानकावर गाडीतून उतरवता येत नाही.

मध्यरात्रीनंतर मात्र लोकल सेवा काही तास थांबते. या वेळेत लांब पल्ल्याच्या गाडीने कुर्ला येथील लोकमान्य टिळक टर्मिनस किंवा वांद्रे टर्मिनसला उतरणाऱ्या महिलेसमोर रिक्षा-टॅक्सी किंवा प्रतीक्षालय एवढेच पर्याय उरतात. वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिण मुंबईत रिक्षांना परवानगी नाही, हेही नवख्यांना माहीत नसते. त्यामुळे आरक्षण करतानाच गाडी पोहोचण्याची वेळ पाहणे हिताचे ठरते.

खरी अडचण पुढे येते ती तक्रारीच्या वेळी. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असलेली महिला परक्या शहरातील पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नकोत म्हणून अनेकदा गप्प राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने यावर मार्ग दिला आहे. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ही ‘झिरो एफआयआर’ पुढे संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. म्हणजेच मुंबईतील घटनेची तक्रार गावी परतल्यावर तेथील ठाण्यातही नोंदवता येते. माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत त्यावर स्वाक्षरी करणे आवश्यक असते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

लैंगिक अत्याचार व विनयभंगासारख्या गुन्ह्यांत महिलेचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावा, असे हे कलम सांगते. अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सश्रम कारावासाची तरतूद आहे.

गाडीचे नाव, डबा, स्थानक, फलाट, वेळ किंवा टॅक्सीचा क्रमांक लगेच टिपून ठेवल्यास सीसीटीव्ही चित्रण शोधणे पोलिसांना सोपे जाते. मात्र यातील एखादा तपशील नसला, तरी तेवढ्या कारणाने तक्रार नाकारता येत नाही. घटनास्थळ कोणाच्या हद्दीत येते हे ठरवण्याचे काम पोलिसांचे आहे, तक्रारदार महिलेचे नाही.