अडत कोणाची, जोखीम कोणाची?

परदेशी शिक्षण हा आता केवळ विद्याव्यासंगाचा विषय उरलेला नाही. तो एक मोठा निर्यातव्यापार झाला आहे. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या निर्यातींत लोहखनिज, कोळसा आणि नैसर्गिक वायू यांच्याबरोबर शिक्षणाचाही क्रमांक लागतो, आणि या व्यापाराच्या ग्राहकांत चीनपाठोपाठ भारतीय विद्यार्थी आहेत. साहजिकच तेथील सरकारने विद्यार्थी व्हिसाचा एखादा नियम बदलला की त्याचा धक्का पुण्या-नागपुरातील मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचतो.

गेल्या काही वर्षांत असे धक्के एकामागून एक बसले. मार्च २०२४ मध्ये इंग्रजीच्या परीक्षेतील किमान गुण वाढविण्यात आले आणि 'खरा विद्यार्थी' असल्याची नवी कसोटी आली. मे २०२४ पासून निर्वाहासाठी २९,७१० डॉलर जवळ असल्याचा पुरावा आवश्यक झाला. व्हिसाच्या अर्जाचे शुल्क ७१० डॉलर होते. ते जुलै २०२४ मध्ये १,६०० आणि जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर झाले. म्हणजे लाखाहून अधिक रुपये, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाहीत. नव्या विद्यार्थ्यांसाठी २०२५ साली २ लाख ७० हजारांचे आणि २०२६ साठी २ लाख ९५ हजारांचे नियोजन ठरविण्यात आले. आपल्याकडे कोणाला किती संख्येने येऊ द्यावे, हे ठरविण्याचा त्या देशाचा अधिकार निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, या निर्बंधांचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर पडतो?

तेथील पद्धतीत प्रत्येक शिक्षणसंस्थेची जोखीम मोजली जाते. तिच्या विद्यार्थ्यांचे अर्ज जितके अधिक फेटाळले जातील, तितकी तिची पत घसरते. डिसेंबर २०२३ मध्ये कमी जोखमीच्या संस्थांचे अर्ज आधी निकालात काढण्याचा निर्देश निघाला, तेव्हा काही विद्यापीठांनी आपली पत सांभाळण्यासाठी प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यांनाच अर्ज मागे घेण्यास सांगितले. लहान खाजगी महाविद्यालये तर रांगेच्या शेवटी गेली. थोडक्यात, सरकारने संस्थेवर टाकलेली जोखीम संस्थेने विद्यार्थ्याकडे सरकवली.

या साखळीतील तिसरा दुवा म्हणजे एजंट. ऑस्ट्रेलियात येणारे सुमारे तीन चतुर्थांश परदेशी विद्यार्थी एजंटांमार्फत येतात. कागदपत्रांच्या जंजाळात हा मध्यस्थ उपयोगी पडतो, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याचा मोबदला बहुधा संस्थेकडून, पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या ठराविक टक्क्यांनी येतो. सल्ला मात्र तो विद्यार्थ्याला देतो! बाजार समितीतील अडत्याची अडत निदान सर्वांना ठाऊक असते; येथे ती पालकाला दिसतही नाही. अशा व्यवस्थेत एका संस्थेचे दार बंद झाले, तर अधिक कमिशन देणाऱ्या दुसऱ्या संस्थेचे दार दाखविण्याचा मोह एजंटाला होणारच. हा व्यक्तीच्या नीतीचा प्रश्न नसून मोबदल्याच्या रचनेचा आहे.

याचा अनुभव पूर्वीही आलेला आहे. स्वयंपाक व केशकर्तन यांचे अभ्यासक्रम कायम वास्तव्याचा मार्ग ठरले, तेव्हा अशी महाविद्यालये फोफावली. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने त्या वास्तव्याचा आधार असलेली व्यवसायांची यादी रद्द केली. त्या सुमारास कित्येक महाविद्यालये बंद पडली आणि विद्यार्थी अर्ध्या वाटेवर राहिले. शुल्काच्या संरक्षणाची योजना २०१२ मध्ये आली; गेलेली वर्षे मात्र कोणतीही योजना परत देत नाही.

व्हिसा कडक केल्याने विद्यार्थ्यांची संख्या घटेल. सल्ल्यातील खोट निघणार नाही. ऑस्ट्रेलियाने हे उशिरा का होईना ओळखले. नोव्हेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने एजंटाची व्याख्या व्यापक केली आणि कमिशनची माहिती संस्थांकडून मागण्याचा अधिकार सरकारला दिला. पण सरकारला कळलेली माहिती पालकाच्या हाती पडतेच असे नाही, आणि तो कायदा पुण्यातील कचेरीपर्यंत थेट पोहोचू शकत नाही. आपला १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची करतो. विद्यार्थी पाठविणारा मध्यस्थ त्याच्या कक्षेबाहेर राहतो. पंजाबने २०१२ साली स्वतंत्र कायदा करून अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा केला. तेवढ्याने फसवणूक थांबली नाही, हे खरे. तरी तक्रार कोणाविरुद्ध करावयाची हे निश्चित झाले.

महाराष्ट्रानेही याचा विचार करावा. कोणत्या संस्थेकडून किती कमिशन मिळते, हे सल्लागाराने पालकाला सही करून लिहून द्यावे, एवढा एक नियमही पुष्कळ काम करील. बँकांनी शैक्षणिक कर्ज मंजूर करताना तो कागद मागावा. घर गहाण ठेवणाऱ्या पालकाला आपल्याला मिळणारा सल्ला कोणाच्या पैशाने दिला जात आहे, हे सही करण्यापूर्वी कळले पाहिजे.