तिपाईची बॅटरी

भिगवणच्या मासळी बाजारात लिलाव उरकत आला की चिलापीचे आणि रोहूचे क्रेट भराभर तीनचाकी ॲपेच्या हौद्यात चढायला लागतात. बर्फाचं पाणी फळ्यांतून खाली ठिबकत असतं. शेजारच्या ॲपेत दुधाचे कॅन, तिच्या पलीकडच्या ॲपेत इंदापूरकडे निघालेली माणसं, पिशव्या आणि एक बांधलेली शेळी. एकीला मालाचा हौदा, दुसरीला बाकडी आणि टप, पण चाकं, हँडल, मागचं इंजिन सगळ्यांचं सारखंच. मला पाठवलं होतं बारामतीत बनणाऱ्या विजेच्या रिक्षांवर लिहायला. इथं तासभर थांबल्यावर मात्र एकच प्रश्न मनात घोळू लागला. वरचा साज कामाप्रमाणे इतका सहज बदलतो, तर खालची ताकदही तशीच काढता-घालता आली पाहिजे. ती का येत नाही?

ॲपेचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत रस्ते मोडलेले होते आणि लोकांच्या हातात पैसा नव्हता. हेलिकॉप्टरवर आयुष्य घालवलेल्या कोरादिनो दास्कानियो या अभियंत्यानं पियाजिओ कंपनीसाठी आधी व्हेस्पा स्कूटर घडवली आणि 1948 साली तिच्यातूनच तीनचाकी मालगाडी काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, ॲपे म्हणजे मधमाशी. दिवसभर ओझं वाहणाऱ्या यंत्राला याहून चांगलं नाव सुचणं कठीण. आपल्याकडे बजाजनं 1960च्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर आणि रिक्षा बनवल्या. पुढे पियाजिओ स्वतःच आली, आधी ग्रीव्हजच्या भागीदारीत आणि नंतर एकटी. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून ॲपे बारामतीच्या एमआयडीसीतून बाहेर पडते आहे. उसाच्या ट्रॉल्यांच्या या रस्त्यांवर नव्या कोऱ्या तीनचाकींनी भरलेल्या कंटेनरांकडे आता कुणी वळून पाहत नाही.

मला त्या तीन चाकांचं कौतुक वाटतं. चार पायांचं टेबल खाचखळग्यात डगमगतं. तिपाई मात्र कुठंही ठेवा, तिचे तिन्ही पाय जमिनीला टेकतातच. शेताच्या बांधालगतच्या वाटेवर ॲपेची चौकट चारचाकीसारखी पिळली जात नाही, कारण चौथं चाक अधांतरी राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वळणावर वेग आवरावा लागतो, ही त्याची किंमत. अशा बैठकीवर मासळीचा हौदा बसवा, कचऱ्याची टिपर पेटी बसवा, माणसांसाठी बाकडी बसवा.

खालची ताकदही काढता-घालता यावी, असा प्रयत्न झाला. डिसेंबर 2019मध्ये पियाजिओनं विजेवरची ॲपे ई-सिटी आणली, ती बॅटरी बदलण्याच्या सोयीसकट. जोडीला होती सन मोबिलिटी ही कंपनी. तिच्या संस्थापकांपैकी एक चेतन मैनी, ज्यांनी 2001 साली रेव्हा ही छोटी विजेची मोटार रस्त्यावर आणली होती. चालकानं केंद्रावर थांबायचं, उतरलेली बॅटरी काढून द्यायची, भरलेली बसवायची आणि काही मिनिटांत निघायचं. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वीज कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच विजेच्या ट्रकांना याच पद्धतीनं बॅटऱ्या पुरवल्या होत्या.

ही सगळी कल्पना ज्यावर उभी आहे, तो भाग हाताच्या मुठीएवढा असतो: बॅटरी आणि गाडी जिथं भेटतात तो कनेक्टर. घरच्या प्लगासारखा तो नीट बघून बसवता येत नाही. बॅटरी खाचेत सरकवायची आणि आतल्या आत, न दिसता, पिना जागेवर बसल्या पाहिजेत. त्यासाठी पुढं निमुळत्या मार्गदर्शक खुंट्या असतात आणि गाडीच्या बाजूचा भाग किंचित हलता ठेवतात, म्हणजे मिलिमीटरभराची चूक तो स्वतःच सावरून घेतो. संदेशाच्या पिना मुद्दाम आखूड ठेवतात. बसताना त्या सर्वांत शेवटी टेकतात, निघताना सर्वांत आधी सुटतात. त्या सुटल्याबरोबर बॅटरीतलं इलेक्ट्रॉनिक्स प्रवाह तोडतं आणि मगच जाड पिना वेगळ्या होतात. चालू प्रवाहात जाड पिना सुटल्या तर ठिणगी पडते. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहजी विझत नाही आणि दर वेळी धातूचा एक कण खाऊन जाते.

आता त्या पिनेवर उन्हाळ्यातली धूळ बसवा, वर बर्फाचं ठिबकतं पाणी सोडा. 48 व्होल्टच्या यंत्रणेतून तीन किलोवॉट ओढायचे तर साठाहून जास्त अँपिअर लागतात. जोडाचा विरोध एक मिलिओहम असेल तर जेमतेम चार वॉट उष्णता निघते. गंज आणि धुळीनं तोच विरोध दहा मिलिओहम झाला की चाळीस वॉट. सोल्डरिंग आयर्नइतकी ऊब, तीही प्लास्टिकच्या घरट्यात. घरी चार्ज होणाऱ्या बंदिस्त बॅटरीचा हा जोड महिनोन्महिने हलत नाही. अदलाबदलीच्या गाडीत दिवसातून दोनदा सुटला, तरी वर्षात सातशेहून जास्त वेळा सुटतो. हा कनेक्टर घडवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कनेक्टरचं कोडं सुटेल. माणसांमधला जोड जास्त अवघड आहे. ॲपेचा हौदा कुठल्याही गावचा सुतार-वेल्डर बांधून देतो, बॅटरी मात्र ज्या कंपनीची असेल तिच्याच केंद्रात चालते. हे ओळखून होंडा, यामाहा, केटीएम आणि पियाजिओ यांनी 2021 साली हलक्या वाहनांच्या सामायिक बॅटरीसाठी संघ केला. ऑगस्ट 2020मध्ये केंद्र सरकारनं बॅटरीविना गाडीची नोंदणी करायला मुभा दिली, एप्रिल 2022मध्ये नीती आयोगानं अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला. पण बॅटरीसकट गाडीवर 5 टक्के जीएसटी आणि सुट्या बॅटरीवर 18, हा फरक अदलाबदलीच्या मुळावर येतो. शिवाय गाड्यांपेक्षा जास्त बॅटऱ्या विकत घेऊन ठेवाव्या लागतात. केंद्रावर नेहमी काही भरलेल्या हव्यात, काही भरत असलेल्या. ज्या शहरात एका केंद्रावर शेकडो रिक्षा येतात, तिथं हा खर्च निघतो. मधल्या काळात, 2021 साली, पियाजिओनंही गाडीतच बसवलेल्या बॅटरीची ई-सिटी आणि मालवाहू गाडी बाजारात आणली.

मला काळजी वाटते ती इथं. ज्या भिगवण-इंदापूरच्या माणसाला गाडी दोन तास उभी ठेवणं परवडत नाही, कारण क्रेटमधला बर्फ वितळतो, त्यालाच अदलाबदलीची खरी गरज आहे. आणि केंद्र सर्वांत शेवटी उभं राहील तेही त्याच्याच गावात. मला त्या चौकात तसं केंद्र दिसलं नाही.

लिलाव संपल्यावर एका डिझेल ॲपेवाल्याला विचारलं, "दादा, बॅटरीवरची घ्याल का?"

त्यानं मागच्या क्रेटवर ओलं पोतं टाकलं, दोरी आवळली. "घ्यू की. पण टेंभुर्णीच्या अलीकडं बॅटरी उतरली तर दुसरी देणार कोण? आन् ती बॅटरी माझी का त्येंची?"

पहिल्या प्रश्नाला मी नकाशा काढून उत्तर द्यायला लागलो. तोवर त्यानं इंजिन सुरू केलं होतं.