नऊ महिन्यांचे बाळ, नऊ डिसेंबर

बालरोग विभागाच्या केसपेपरवर वयाच्या जागी ‘९/१२’ असे लिहिलेले असते. वर्षाच्या बारा महिन्यांपैकी नऊ, म्हणजे बाळ नऊ महिन्यांचे. ‘३/५२’ म्हणजे तीन आठवडे, ‘४/७’ म्हणजे चार दिवस. डॉक्टरांची ही जुनी सांकेतिक लिपी इंटर्नपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना कळते. एक्सेलला कळत नाही. तिथे ‘९/१२’ टाइप करून एंटर दाबले की बाळाचे वय जाते आणि त्या जागी नऊ डिसेंबर ही तारीख येते.

हा घोळ केवळ आपल्याकडचा नाही. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट २’ अशा नावांची जनुके होती. एक्सेल त्यांच्याही तारखा करी. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले शोधनिबंध २०१६ मध्ये तपासले गेले, तेव्हा सुमारे एक पंचमांश निबंधांत असल्या चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि चक्क जनुकांची नावेच बदलली. सॉफ्टवेअर मात्र तेव्हा होते तिथेच राहिले.

यावर साधा उपाय म्हणजे टेक्स्ट फाइल. तिच्यात रंग नाहीत, चौकटी नाहीत, सूत्रे नाहीत. फक्त अक्षरे आणि ओळी. एका ओळीत एक रुग्ण, मधे स्वल्पविराम. पायथनसारखी संगणकभाषा ही फाइल वाचते तेव्हा ‘९/१२’ हे ‘९/१२’ म्हणूनच वाचते. त्याचा अर्थ तुम्ही सांगाल तो. ओळीही ती एकेक करून वाचते, ओपीडीत नंबर पुकारावा तशी. त्यामुळे लाखो ओळींची फाइल असली तरी साधा संगणक दमत नाही.

मी या फंदात पडलो तो कुत्रे चावलेल्या रुग्णांमुळे. कळवा-मुंब्र्यापासून डोंबिवली, कल्याण, टिटवाळ्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या इंजेक्शन रूमबाहेर ही रांग असते. कातडीत द्यायची रेबीजची लस चार वेळा घ्यावी लागते: पहिल्या दिवशी, ज्याला आम्ही शून्यावा दिवस म्हणतो, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिल्या दोन वेळा लोक येतात. जखम भरली की येईनासे होतात. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून कोण आले यापेक्षा कोण आले नाही हे कळणे महत्त्वाचे. रजिस्टर आलेल्यांचे असते. न आलेला माणूस त्यात शोधायचा तर पाने मागे-पुढे उलटत बसावे लागते. प्रोग्रॅमला हे काम क्षणाचे. पन्नाशी उलटल्यावर लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर पायथनचे धडे वाचले (डोंबिवलीला बसायला जागा मिळते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा सकाळी यावे) आणि लिहायला बसलो.

पहिला धडा महाग पडला. पायथनमध्ये फाइल उघडताना ती कशासाठी उघडतो आहोत ते एका रोमन अक्षराने सांगायचे असते. ‘आर’ म्हणजे फक्त वाचायला. ‘ए’ म्हणजे शेवटी भर घालायला. ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहायला. मला यादीत त्या दिवसाचे रुग्ण वाढवायचे होते, म्हणजे लिहायचेच होते, म्हणून मी ‘डब्ल्यू’ दिले. ‘डब्ल्यू’ने उघडलेली जुनी फाइल त्याच क्षणी कोरी होते. एक अक्षरही लिहिण्याआधी. ‘खात्री आहे का?’ असे कुणी विचारत नाही. दोन महिन्यांची यादी गेली आणि दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. तोंड पाडून बसलो होतो, तेव्हा इंजेक्शन रूमच्या सिस्टर म्हणाल्या, “सर, रजिस्टर आहे की!” पुढच्या दोन संध्याकाळी त्यांनी वाचायचे आणि मी टाइप करायचे, असे चालले.

लाज वाटली ती याची, की हा नियम मला तीस वर्षे ठाऊक होता. केसपेपरवर चूक झाली तर व्हाइटनर लावायचे नाही. एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी सांगतो. आता मूळ फाइल ‘आर’नेच उघडतो आणि नवी यादी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहितो. त्यासाठी ‘एक्स’ हे अक्षर आहे. त्या नावाची फाइल आधीच असेल तर प्रोग्रॅम अडून बसतो, पुसत नाही. लिहून झाल्यावर फाइल बंद करणेही आलेच. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जातो असे नाही, काही काळ तो स्मृतीतच थांबतो. मधेच वीज गेली तर गेला. तळहातावर टिपलेले बीपी केसपेपरवर उतरवण्याआधी हात धुतले तर काय होईल, तसेच.

मग मराठीचा प्रश्न. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे १९९१ पासून युनिकोडने जगभरासाठी ठरवत आणले. ते आकडे फाइलमध्ये कसे मांडायचे याची यूटीएफ-८ ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार यांचे वेगळे. ‘ठाणे’ बारा बाइटचे, ‘कल्याण’ अठरा, ‘डोंबिवली’ चोवीस. फाइल उघडताना यूटीएफ-८ असे सांगितले नाही, तर विंडोजवरचा पायथन बहुधा जुन्या युरोपीय तक्त्याने वाचतो आणि एका ‘क’च्या जागी तीन परकी चिन्हे दिसतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींची गत उलटी: पडद्यावर मराठी, आत रोमन अक्षरे. फॉन्ट काढला की वाचणाऱ्याला गिचमिड दिसते.

याहून फसवे म्हणजे डोळ्यांना एक आणि संगणकाला दोन दिसणारे शब्द. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही वेळा हुबेहूब सारखाच दिसतो. आमच्या यादीत एक बाई सकाळच्या ऑपरेटरकडे एका प्रकारच्या कऱ्हाडे आणि दुपारच्याकडे दुसऱ्या प्रकारच्या. प्रोग्रॅमच्या मते या दोन बायका आणि दोघींचेही डोस अर्धवट. सिस्टरांनी फोन केला तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, “अहो, कालच तर टोचलंय!” तेव्हापासून रुग्ण नावावरून नाही, केस नंबरवरून जुळवतो.

तारखांचा घोळ अधिक घातक. ४/७ म्हणजे आपल्याला चार जुलै, अमेरिकी वळणाच्या प्रोग्रॅमला सात एप्रिल. गंमत अशी, की १३/७ ला तेरावा महिना नसल्याने त्यातले काही प्रोग्रॅम ही तारीख आपोआप बरोबर वाचतात. म्हणजे एकाच फाइलमधल्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी चुकीच्या आणि तेरापासून पुढच्या बरोबर. वरवर तपासणाऱ्याला पंचवीस-सव्वीस तारीख दिसते आणि तो निर्धास्त होतो. काल डोस चुकलेला रुग्ण तीन महिन्यांपूर्वीचा ठरून ढिगात तळाला जातो. आम्ही आता वर्ष, महिना, दिवस या क्रमानेच लिहितो.

इंग्लंडमध्ये २०२० च्या कोविडच्या लाटेत याहून मोठे घडले. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या टेक्स्ट फाइली जुन्या पद्धतीच्या एक्सेलमध्ये ओतल्या जात होत्या. त्या पत्रकात ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी गळाल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. रुग्णांना त्यांचे निकाल मिळाले होते; त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला मात्र उशीर झाला.

हे वाचले तेव्हा ऑपरेशन थिएटर आठवले. पोट शिवण्याआधी सिस्टर गॉज मोजतात: आत किती गेले, बाहेर किती आले. आकडा जुळेपर्यंत सर्जन कितीही मोठा असो, टाका घालत नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये असली मोजणी नव्हती. उलट मी आळसाने लिहून ठेवले होते, की एखादी ओळ वाचता आली नाही तर ती सोडून पुढे जा. तो सोडत होता, न सांगता. मग शेवटी दोन आकडे छापायला लावले: वाचलेल्या ओळी आणि हिशेबात घेतलेल्या ओळी.

पहिल्याच दिवशी तीनचा फरक आला. एका ओळीत एकतीस जून अशी तारीख होती. दुसरीत तारीखच नव्हती. तिसरी टिटवाळ्याच्या एका शाळकरी मुलाची. त्याच्या पत्त्यात चाळीच्या नावापुढे एक जादा स्वल्पविराम पडला होता, त्यामुळे पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले होते आणि तारखेच्या जागी मोबाइल नंबर आला होता. सातव्या दिवसाची लस आदल्या दिवशी द्यायची होती. सिस्टरांनी लगेच फोन लावला. आई म्हणाली, जखम सुकली म्हणून आणला नाही. संध्याकाळच्या गाडीने ती त्याला घेऊन आली. ओपीडी बंद झाली होती, म्हणून कॅज्युअल्टीत टोचले.