प्रादेशिक संग्रहालय संघटना : संचालक मंडळाची भूमिका

अमेरिकेत १९०६ साली संग्रहालयांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०१२ पासून ती 'अमेरिकन अलायन्स ऑफ म्युझियम्स' या नावाने ओळखली जाते. तिच्या जोडीला न्यू इंग्लंडपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सहा प्रादेशिक संघटना कार्य करतात. त्यांच्या संचालक मंडळांवर अभिरक्षक, शिक्षणाधिकारी, संग्रहालय-संचालक असे कार्यरत व्यावसायिक मानद स्वरूपात काम पाहतात. वार्षिक परिषद, प्रशिक्षण व आर्थिक व्यवहार यांची जबाबदारी मंडळावर असते.

मात्र सदस्याची निष्ठा येथे दुहेरी ठरते : वेतन स्वतःच्या संग्रहालयाचे, तर उत्तरदायित्व संपूर्ण प्रदेशाचे. म्हणूनच हितसंबंध उघड करणे व संबंधित मतदानापासून दूर राहणे आवश्यक ठरते. शिवाय, मंडळासाठी लागणारा वेळ व प्रवासखर्च मोठ्या संस्थांनाच परवडत असेल, तर लहान, ग्रामीण संग्रहालयांचा आवाज तेथवर पोहोचत नाही. थोडक्यात, मंडळाची प्रातिनिधिकता हीच संघटनेच्या विश्वासार्हतेची खरी कसोटी होय.